तूट

पाचव्या मजल्यावर आम्ही चौघं.
बँकेतला एक, त्याच्या चामडी बॅगेला अजून दुकानाचा वास.
एक मुलगी, ओठांतल्या ओठांत सूत्रं घोकणारी.
एक पोरगा, टाय सैल करणारा, पुन्हा आवळणारा.
आणि मी, चेलांगात, वय एकेचाळीस,
रात्रीच्या बसने केरिचोहून नैरोबीत उतरलेली.
बुटांच्या शिवणीत मळ्याची तांबडी माती.
कागदाने पुसली तर आणखीच पसरली.

आत तिघं, आणि भिंतीवरच्या पडद्यात चौथे,
जे अधूनमधून तोंड उघडं ठेवूनच गोठायचे.

"पीएचडी आत्ताच का?" प्रोफेसर वान्योन्यी.
"मुलं कोणापाशी राहतील?" हे मात्र
डॉक्टर मुथेउंनी विचारलं. बाईनेच.
म्हटलं, हल्ली मुलंच मला सांभाळतात.
कोणी हसलं नाही.
पडद्यातले हसले, पण उशिरा,
पुढच्या प्रश्नावर.

"अनुभव किती?"
"नऊ वर्षं."
"अर्जात अकरा लिहिलीत."
"हो. अकराच."
पेन्सिलीने काहीतरी टिपलं गेलं.

मग माझा विषय.
सांगितलं: टेकडीवरचं चहाचं खरेदी केंद्र.
बायका पाठीवरून पानं आणतात,
आकड्याला पोतं टांगलं जातं,
आणि कारकून दर पोत्यामागे दोन किलो काटा मारतो.
कधी पोत्याचं वजन, कधी पानांवरचं दव,
कारण तयारच असतं.
मापात पाप आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.
मग कंपनीने नवा काटा आणला,
ग्रॅमपर्यंत खरा, पावती छापून देणारा.
कारकुनाची बदली झाली दरीपलीकडच्या केंद्रावर,
जुना तराजू जिथं अजून लटकत होता.
महिनाभरात निम्म्या बायका
ओढा ओलांडून तिकडे जायला लागल्या,
तीच पोती घेऊन,
दोन किलो कमी भरून घ्यायला.
का?

"म्हणजे अविवेकी वर्तन," पडदा म्हणाला.
नाही सर.
बोत कोरीरचा धाकटा इस्पितळात होता तेव्हा
तो वजावट विसरला.
पुढच्या आठवड्यातही विसरला.
नव्या काट्याला विसरता येत नाही.

"गोष्ट छान आहे," वान्योन्यी म्हणाले,
"पण विसरणं मोजणार कसं?
आणि आधीच्या अभ्यासात नेमकी तूट कुठे?"

तूट म्हटल्याबरोबर
टेबलाखाली माझा उजवा गुडघा आपोआप वर आला.
मी तो हाताने दाबून धरला.
पाठ केलेलं उत्तर दिलं, त्यातला एक लांबलचक शब्द
मी फक्त वाचला होता, कधी ऐकला नव्हता.
पडद्याने तो हळुवारपणे नीट उच्चारून दाखवला.
मी त्यांच्यामागून म्हटला, शाळेतल्यासारखा.
विसरणं कसं मोजायचं ते मला येत नाही, म्हणाले.
मुथेउ पहिल्यांदाच माझ्या बुटांकडून वर,
चेहऱ्याकडे बघायला लागल्या.

"तीन आठवड्यांत कळवू."

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर
कुणाचं तरी झोपलेलं मूल आणि कोबीची पिशवी.
नाकुरूला गाडी थांबली, भाजलेलं कणीस घेतलं,
आणि तेव्हा लक्षात आलं,
चाळीस मिनिटांत
कारकून कोण होता, हे कोणीच विचारलं नाही.
मीही सगळीकडे "तो" म्हणत गेले,
जसं काही पोत्याच्या बुडाला गुडघा लावून
वजन अलगद उचलून धरायचं
हे मी दुरून पाहिलं होतं.

विसरलेही मीच. दोनदा.
बोत कोरीरने कधी आभार मानले नाहीत,
फक्त त्यानंतर ती माझ्याच रांगेत उभी राहायची.

धाकट्याचा फोन आला. आई, कशी झाली?
दहापैकी किती?

सात, म्हणाले.
मनात नऊ भरले होते.